शाई फुटली नव्हती

११ जानेवारी

ती. काका,
सादर नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायची माझ्यात आता ताकद नाही, म्हणून पत्र लिहिते. अक्षर लावून घ्या. गणिताच्या बाईंचं अक्षर म्हणजे फळ्यावरचं, कागदावर ते नीट उतरत नाही.

बाबांना जाऊन उद्या तीन आठवडे होतील. तुमचे गुडघे धरलेत हे मला ठाऊक आहे. तरी दफनाच्या वेळी मी दोनदा मागे वळून पाहिलं, एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. धाकटा भाऊ एकच होता ना त्यांना.

आई सकाळी बरी असते, कारण सकाळी तिला वाटतं की ते कामावर गेलेत. दुपारी कधीतरी आठवतं आणि मग रडते. माझे बाबा एकदाच गेले, तिचा नवरा रोज जातो. तिचं विसरणं वाढलं तेव्हा बाबांनी घराचा नकाशा काढून स्वयंपाकघरात लावला होता. मोजून काढलेला, प्रमाणासकट. बाण काढून लिहिलंय: किटली इथे, चष्मा इथे, मी इथे. 'मी इथे'चा बाण त्यांच्या खुर्चीकडे जातो. तो कागद काढायला माझा हात होत नाही.

आता कामाचं. तेवीस फेब्रुवारीला चर्चमध्ये त्यांच्यासाठी स्मरणाची उपासना आहे. पाळक म्हणतात, मुलीनं बोलायचं. शिवाय रुळांपलीकडच्या वस्तीतले लोक पाण्याच्या टाकीपाशी त्यांच्या नावाचा दगड बसवणार आहेत आणि त्यावरचा मजकूरही मीच द्यायचा आहे. तीस वर्षं ते या लोकांसाठी झिजले. मतदार यादीत त्यांची नावं घालायची म्हणून चार वेळा अटक झाली, शाळेतली वेगळी रांग मोडली, चर्चमध्ये त्यांना मागची बाकं होती म्हणून हे पुढचं बाक सोडून कायमचे मागे जाऊन बसले. आई त्यांच्या पाठोपाठ गेली. मी पंधरा वर्षांची होते, गेले नाही. बाबांनी मला एका शब्दानंही विचारलं नाही.

मी असं लिहिलंय: 'आपल्या हातून झालेली एक चूक त्यांनी आयुष्यभर भरून काढली.' चूक म्हणजे ते नळाचं प्रकरण. मी तेव्हा बारा वर्षांची. एवढंच कळलं की वस्तीला बारीक नळ गेला, पाणी चढेना, लोक ओढ्याचं पाणी प्यायले, तापानं नऊ मुलं गेली आणि बाबांची नोकरी सुटली. घरात कुणी कधी त्यावर बोललं नाही. बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत इंजिनियर आणि तुम्ही तिथेच नकाशे काढत होतात. नक्की काय चुकलं होतं त्यांचं? मला खोटं काही बोलायचं नाही. ज्यांचं सगळं खरं होतं त्यांच्याबद्दल तर नाहीच.

तुमची पुतणी


२२ जानेवारी

चि. पेन्सिल,
अनेक आशीर्वाद.

आता तू पोक्त बाई झालीस, पण माझ्या टेबलाखाली बसून माझ्या पेन्सिली कुरतडणारी जी पोर होती तिचं नाव मी बदलणार नाही. एकदा चांगली लाल पेन्सिल अर्धी खाल्लीस आणि वर मला विचारलंस, काका, ही कडू का?

तुझं पत्र तीनदा वाचलं. दादाचा तो नकाशा वाचून हसलो. हा माणूस लहानपणापासून असाच. आई भाजी चिरायला सांगायची तर हा पट्टी घेऊन बसायचा. सगळे तुकडे सारखे, जेवायला मात्र उशीर! मी मधल्या मध्ये उपाशी. मला भूमितीत त्यानंच पास केलं, कचेरीत त्यानंच चिकटवलं. 'हात चांगला आहे तुझा, डोकं मी वापरतो,' म्हणायचा. खरंच होतं ते. साहेब लोक आकडेमोड करायचे, आम्ही नकाशाकार ती शाईनं उतरवायचो आणि खाली त्यांची सही व्हायची.

गुडघ्यांचं म्हणशील तर डॉक्टर जिना चढू नको म्हणतो आणि मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. तेव्हा समजून घे.

तुझ्या भाषणात बाकाची गोष्ट घाल. अटकेची घाल. तिसऱ्या अटकेत कोठडीचा तुंबलेला नळ त्यानं दुरुस्त केला आणि फौजदारानं चहा पाजला, ती तर घालच, लोक हसतील. नळाच्या प्रकरणात कशाला शिरतेस? एकतीस वर्षं झाली. दगडावर 'चूक' हा शब्द बरा दिसत नाही. एवढं माझं ऐक.

वहिनींना माझा नमस्कार. ओळखतात का मला अजून?

तुझा काका


२ फेब्रुवारी

ती. काका,
सादर नमस्कार.

फौजदाराच्या चहाची गोष्ट घातली आहे. पण आता ते भाषण उभं राहील की नाही, कोण जाणे.

काल बाबांचं कपाट आवरलं. सगळ्यात खालच्या कप्प्यात, बायबलच्या जुन्या प्रतींखाली, कापडात गुंडाळलेली एक सुरळी होती. वस्तीच्या नळाचा मूळ नकाशा, त्या अर्धपारदर्शक कागदावरचा. मागे कोर्टाचा शिक्का आहे, म्हणजे खटला संपल्यावर परत मिळालेला. खाली कोपऱ्यात बाबांची सही. मधोमध मुख्य नळाच्या रेघेवर 'तीन इंची' असं लिहिलंय.

मी तो खिडकीच्या काचेवर धरला, आईही शेजारून बघत होती. 'तीन'च्या जागी कागद पातळ झालाय, काका. ब्लेडनं खरवडलाय. उजेडात बारकाईनं पाहिलं तर खाली आधीचा आकडा पुसट दिसतो. तिथे 'सहा' होतं.

मी मुलांना शिकवते, व्यास निम्मा केला की पाणी निम्मं होत नाही, जेमतेम सहावा हिस्सा उरतो. चढावरच्या वस्तीत तेवढं पोचणारच नाही. हे बाबांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? मी इतकी वर्षं समजत होते की हिशेब चुकला असेल. माणूस आहे, चुकतं. पण हे चुकणं नाही. बरोबर आकडा होता, तो कुणीतरी खरवडून काढला, आणि खाली सही बाबांची आहे. दुसरं कुणाचं नाव नाही.

जे लोक दगड बसवताहेत त्यांच्यात ती शिंपीणबाई आहे. तिची सात वर्षांची मुलगी त्या नऊ जणांत होती. तिनं बाबांच्या नावाला हात जोडायचे आणि मी खालच्या कप्प्यात हे ठेवून द्यायचं?

तुम्ही तिथे होतात. तुम्हाला ठाऊक आहे. बाबांनी हे केलं का? हो की नाही, एवढंच लिहा. वीस तारखेपर्यंत लिहा.

तुमची पुतणी


१३ फेब्रुवारी

चि. पेन्सिल,
आशीर्वाद.

घाईनं काही करू नकोस. जुनं उकरून कुणाचं भलं होत नाही. दादा गेला, जे होतं ते त्याच्याबरोबर मातीत गेलं. त्याला आता झाकलेलं राहू दे. तो कागद मला पाठवून दे किंवा जाळून टाक, आणि तू बाकाचं बोल, चहाचं बोल.

इतकंच.

काका


२४ फेब्रुवारी

ती. काका,

'त्याला झाकलेलं राहू दे.' उत्तर मिळालं मला.

काल उपासना झाली. चर्च भरलं होतं, बाहेर पायऱ्यांवरही लोक होते. वस्तीतले सगळे आले होते आणि आता ते कुठेही बसतात, पुढे मागे सगळीकडे. गायनमंडळानं बाबांची आवडती दोन गीतं म्हटली. मग मी उभी राहिले.

आधी बाकाचं सांगितलं. चहाचं सांगितलं, लोक हसले. आणि मग मी सांगितलं, काका. बाबांनी मला एकच गोष्ट सतत शिकवली, की मोजमाप आपल्याला आवडेल तसं लिहायचं नसतं, आहे तसं लिहायचं असतं. म्हणून मी सांगितलं, की तो आकडा माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं बदलला होता, की त्याचा पुरावा माझ्याकडे आहे, आणि पुढची तीस वर्षं त्यांनी जे केलं ते त्याचं प्रायश्चित्त होतं. मी त्या नऊ मुलांच्या आईबापांची माफी मागितली.

आई पहिल्या बाकावरून उठली. मोठ्यानं म्हणाली, "खोटं आहे. त्यांची शाई फुटायची. ही फुटलेली नाही." मला वाटलं, तिचं नेहमीचं सुरू झालं. मी खाली उतरून तिला खांद्याला धरून बसवलं. ती माझा हात झटकून परत उठली, "अगं, त्यांची शाई फुटायची ना!" लोकांनी माना खाली घातल्या. मी तिला पाणी दिलं, पाळकांनी प्रार्थना सुरू केली.

बाहेर पडताना शिंपीणबाई माझ्याशी बोलली नाही. बाकीचेही थोडेच बोलले. दगड गवंड्याकडे पडून आहे.

मी बरोबर केलं असं मला वाटतं. झोप मात्र लागत नाही.

तुमची पुतणी


३ मार्च

चि. पेन्सिल,

तुझं पत्र काल आलं. याआधी मी चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. हे फाडायच्या आत खालच्या दुकानदाराच्या हाती देणार आहे.

तो आकडा मी खरवडला. दादानं नाही. मी.

वहिनी म्हणाल्या ते खरं आहे. आणि तू त्यांना खाली बसवलंस. नकाशाच्या कागदावर ब्लेड चालवलं की तिथला गुळगुळीतपणा जातो. त्यावर शाईनं लिहिलं तर शाई चौफेर पसरते, तिला आम्ही फुटणं म्हणतो. ती फुटू नये म्हणून नकाशाकार ती जागा अंगठ्याच्या नखानं घासून घासून आधी चकचकीत करतो आणि मग लिहितो. हे आमच्या हाताचं काम. दादाला ते कधी जमलं नाही. घाई करायचा. घरी बसून काही दुरुस्त केलं की आकड्याला मिशा फुटायच्या आणि वहिनी त्याला चिडवायच्या. तो कागद परत खिडकीवर धर. 'तीन' बघ. कडा स्वच्छ आहेत ना? माझा हात चांगला होता.

दादानं हिशेबानं सहा इंची काढलं, मी ते शाईनं उतरवलं, त्यानं सही केली आणि तो तीन महिने धरणाच्या कामावर गेला. मोठ्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. जाड नळ टेकडीवरच्या नव्या बंगल्यांना हवे होते. 'आकडा बदल, प्रती काढ,' एवढंच म्हणाले. कागदावर काही दिलं नाही. नियम असा की आकडा बदलायचा तर जुन्यावर काट मारायची आणि शेजारी सही घ्यायची. मी म्हटलं, सहीचं काय? ते म्हणाले, 'सही आहे की खाली.' तुझी काकी तेव्हा बाळंतपणात अडली होती, घरात दोन लहान होते. हे कारण म्हणून सांगत नाही. मी घाबरलो, बस्स. तीन आणि सहानं काय एवढं होतं, असं स्वतःला सांगितलं. मला आकडेमोड कुठे येत होती? ती तो करायचा.

उन्हाळ्यात मुलं गेली. वस्तीनं दावा लावला. दादा मूळ नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आला, खिडकीपाशी धरला आणि म्हणाला, "एवढं गुळगुळीत काम या कचेरीत एकालाच येतं." मी त्याचे पाय धरले. त्यानं मला उठवलं. म्हणाला, "हे तू स्वतः सांगायचंस. मी तुझ्याऐवजी सांगणार नाही. तू सांगशील तेव्हा मी शेजारी उभा असेन."

कोर्टात मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. न्यायाधीशांनी विचारलं, हा आकडा कुणी बदलला? दादा माझ्याकडे वळला. रागानं नाही गं. वाट बघत होता. मी बुटांकडे पाहत राहिलो. मग तो म्हणाला, "सही माझी आहे. सहीच्या वरचं सगळं माझं." वस्तीला जाड नळ मिळाला, दादाची नोकरी गेली. साहेबांचं नाव फक्त मी घेऊ शकलो असतो. ते सुखानं निवृत्त झाले आणि पुढे मीही झालो.

तो मला दर वर्षी पत्र लिहायचा. शेवटी नेहमी एकच ओळ: 'बाकी तुझ्याकडून काही कळव.' मी हवापाणी कळवायचो. म्हणून मी आलो नाही, ना दवाखान्यात, ना दफनाला. गुडघे ठीक आहेत माझे.

मी 'झाकलेलं राहू दे' लिहिलं तेव्हा मला स्वतःला झाकायचं होतं. तू त्याला चोर म्हणालीस ते माझ्या त्या ओळीमुळे. मला क्षमा कर असं लिहायला घेतलं होतं, पण हात चालत नाही.

काका


१० मार्च

काका,

मी आईसमोर कागद ठेवला. तिनं 'तीन'वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे भावजींचं." एवढंच, आणि चहाचं विचारू लागली. तिला सगळं माहीत होतं. तिचा नवरा गेला हे तिला रोज विसरायला होतं, पण हे ती विसरली नाही. आणि मी तिला चारशे माणसांसमोर खांदे धरून खाली बसवलं.

तुमचा राग किती येतो ते लिहीत नाही. लिहिलं तर कागद पुरणार नाही. दहा ओळी तुम्हाला शिव्या घातल्या होत्या, त्या खोडल्या. पण एक सांगते. फेब्रुवारीत तुम्ही एक शब्द लिहायचा होता. 'नाही.' नाव घेतलं नसतंत तरी चाललं असतं. एकतीस वर्षं सोडा, त्या एका शब्दाला तरी जागायचं होतंत.

क्षमेचं म्हणाल तर ती माझ्याकडे नाही. ती बाबांकडे होती. ते दर वर्षी पाकिटात घालून पाठवत होते आणि तुम्ही उत्तरात हवापाणी कळवत होतात.

आणि माझं काय? मी त्यांना विचारलं नाही. ते हयात असताना एकदा समोर बसून, बाबा, काय झालं होतं, एवढं विचारलं नाही. त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या माणसांसमोर मी त्यांना चोर म्हटलं आणि वर मान ताठ करून घरी आले. मला कोण क्षमा करणार?

येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकांनी वेळ दिली आहे. तुम्ही या. बाबा म्हणाले होते, तू सांगशील तेव्हा मी शेजारी उभा असेन. ते नाहीत. मी उभी राहीन. मलाही तिथेच उभं राहायचं आहे.

तुमची पुतणी


१९ मार्च

काका,

रविवारी बोलून झाल्यावर तुम्ही बाजूच्या दारानं निघून गेलात. मी रस्त्यावर धावले, तोवर तुमची बस हलली होती. म्हणून मागे जे झालं ते कळवते. तुम्हाला ते माहीत असायला हवं.

तुम्ही सगळं सांगितलंत. साहेबांचं, ब्लेडचं, कोर्टातल्या बुटांचं. काही गाळलं नाहीत. मीही माझं बोलले. मग पाळक काही म्हणायच्या आत शिंपीणबाई उठली आणि चालत पुढे आली. मला वाटलं, आता ती माझ्या थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं. ती तुम्ही उभे होतात तिथे आली, तुम्हाला शोधलं, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर पहिल्या बाकावर आईशेजारी बसली.

दगडाचं ठरलं. बाबांचं नाव आणि खाली 'यांनी आम्हाला मोजलं', एवढंच कोरायचं. वस्तीतल्या गवंड्यानं सुचवलं. यादीत नावं घालायची म्हणून ते घरोघर माणसं मोजत फिरायचे ना, त्यावरून. मी लिहिलेलं सगळं काढून टाकलं.

लोक गेल्यावर शिंपीणबाई बसूनच होती. मी जवळ गेले. ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. म्हणाली, "माझी मुलगी गेली त्या तारखेला तुझा बाप दर वर्षी माझ्या दारात यायचा. पहिली दोन वर्षं मी दार उघडलं नाही. तिसऱ्या वर्षी म्हटलं, जा, माफ केलं तुला. त्यानं मान खाली घालून ते घेतलं. पुढे दर वर्षी मी तेच म्हणायचे आणि तो दर वर्षी घ्यायचा. नको म्हणाला नाही गं कधी. माझं नाही ते, असं म्हणाला नाही."

मी म्हटलं, बाई, त्यांना काकांच्या तोंडूनच ते यायला हवं होतं.

ती म्हणाली, "एका वर्षी माझ्याच्यानं ते म्हणवलं नाही. मुलगी असती तर त्या साली तिचं लग्न झालं असतं. तो आला तेव्हा मी त्याच्या तोंडावर म्हटलं, खुनी आहेस तू. दार लावून घेतलं. तो भर उन्हात दुपारपर्यंत बाहेर उभा होता. मी आतून फटीतून बघत होते." तिनं पदर तोंडात कोंबला होता, तरी हुंदका बाहेर येत होता. "त्या दिवशी तरी बोलायचं होतं त्यानं," ती म्हणाली. "त्या दिवशी तरी."

तुमची पुतणी